कुंपण न मानणारी फळमाशी

वरून पिवळाधमक, आत मात्र अळ्यांनी पोखरलेला. असा एक आंबा गिऱ्हाइकाचा विरस करतो आणि बागायतदाराची सबंध पेटी बाद करतो. मेहनतीचे फळ डोळ्यांदेखत मातीत घालणाऱ्या या माशीला एकट्यादुकट्याने आवरता येत नाही. मग आवरायचे कसे?

मे महिन्यातली दुपार. घरी पाहुणे आलेले, आमरसाचा बेत ठरलेला. गृहिणी पेटीतला सर्वांत देखणा आंबा निवडते, देठाकडून दाबते आणि रसाबरोबर पातेल्यात पांढरट अळ्या पडतात. एखादी तर चक्क उडी मारून ओट्यावर येते. आंब्याला बाहेरून छिद्र दिसत नाही, बुरशी दिसत नाही. मग अळी आत शिरली कशी?

असा अनुभव न आलेले घर विरळाच. आंब्याचे नाही तर पावसाळ्यातल्या पेरूचे, नाही तर वेलीवरच्या कारल्याचे, दोडक्याचे असे होते. गिऱ्हाईक दुकानदाराला बोल लावते, दुकानदार दलालाला आणि दलाल पेटीचा भाव पाडून सगळा हिशेब बागायतदाराकडून वसूल करतो. शेवटच्या पायरीवरचा हा माणूस बहुधा मोठा जमीनदार नसतो. एक-दोन एकर कातळावर लावलेली कलमे, मोहोरापासून तोडणीपर्यंतची राखण, फवारणीसाठी काढलेली उचल आणि वर्षातून एकदाच हाती येणारा पैसा, एवढीच त्याची मिळकत. हापूसचा हंगाम संपता संपता, म्हणजे मेच्या उत्तरार्धात वळवाच्या सरी पडू लागल्या की माशीचा जोर वाढतो. नेमका त्याच वेळी छोट्या बागायतदाराचा बराच माल झाडावर असतो.

ही माशी आहे तरी कोण?

पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावणारी बारीक चिलटे म्हणजे फळमाशी, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. ती चिलटे आधीच पिकलेल्या, आंबू लागलेल्या फळावर येतात. खरी फळमाशी साधारण घरमाशीएवढी असते. तपकिरी अंगावर पिवळे पट्टे, काचेसारखे पंख आणि कंबर बारीक, त्यामुळे लांबून ती गांधीलमाशीच्या पिल्लासारखी दिसते. मादीच्या पोटाच्या टोकाला सुईसारखा अवयव असतो. त्याने ती झाडावरच्या, पाड लागू पाहणाऱ्या फळाच्या सालीला टोचते आणि सालीखाली अंडी घालते.

आंब्यावरच्या मुख्य माशीचे शास्त्रीय नाव बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस. पेरू, चिकू, पपई अशी कितीतरी फळे तिला चालतात. तिच्या दोन बहिणी, झोनाटा आणि करेक्टा, याही आपल्याकडे आंबा-पेरूवर आढळतात. काकडी, कारले, दोडका, भोपळा यांच्यावर येते ती वेगळी, वेलवर्गीय पिकांवरची माशी. बोरावर आणखी तिसरीच असते. हा फरक नुसता पुस्तकी नाही. एका माशीला खेचणारा वास दुसरीला ओळखूही येत नाही, त्यामुळे चुकीचे आमिष लावून पैसे वाया घालवणारे बरेच असतात.

सालीखाली घातलेली अंडी एक-दोन दिवसांत फुटतात. अळ्या आठवडा-दहा दिवस गर खात वाढतात. त्यांच्याबरोबर शिरलेले जंतू गर सडवतात आणि फळ मुदतीआधीच गळून पडते. फळ जमिनीवर पडले की पूर्ण वाढलेल्या अळ्या बाहेर येतात, मातीत दोन-तीन बोटे खोल शिरतात आणि तिथे कोष करतात. साधारण दहा दिवसांनी कोषातून नवी माशी वर येते. तिला लगेच अंडी घालता येत नाहीत. अंडी तयार होण्यासाठी तिला आठ-दहा दिवस पौष्टिक, विशेषतः प्रथिनयुक्त अन्न लागते. ते ती पानांवरच्या चिकट्यातून, पक्ष्यांच्या विष्ठेतून, सडक्या फळांतून मिळवते.

उन्हाळ्यात महिनाभरात एक पिढी पुरी होते. अनुकूल परिस्थितीत एक मादी आयुष्यात हजारावर अंडी घालू शकते. आता हिशेब करा. मार्चअखेर बागेत राहिलेल्या काही माश्यांची मेअखेर किती मोठी फौज होत असेल?

वर सांगितलेल्या जीवनक्रमात चार जागा अशा आहेत जिथे माशीला गाठता येते. नराला वासाने, मादीला भुकेने, अळीला गळलेल्या फळात आणि कोषाला मातीत. या चारही ठिकाणी एकाच वेळी घाव घालणे याला शास्त्रज्ञ ‘एकात्मिक नियंत्रण’ म्हणतात. शब्द जड आहे, काम सोपे आहे. पण ते नेटाने करावे लागते.

रुमालाने फोडलेले गुपित

नराला वासाने गाठण्याची युक्ती आपल्याच देशात सापडली, हे फार थोड्यांना माहीत असेल. विसाव्या शतकाच्या आरंभी बिहारमधल्या पुसा येथे सरकारी कृषिसंशोधन संस्था होती. तिथे एफ. एम. हॉवलेट नावाचे इंग्रज कीटकशास्त्रज्ञ काम करत. त्यांच्या एका शेजाऱ्याने डास दूर ठेवण्यासाठी रुमालावर सिट्रोनेलाचे, म्हणजे एका सुगंधी गवताचे तेल शिंपडले. डास गेले की नाही कोण जाणे, पण फळमाश्या मात्र घोळक्याने त्या रुमालावर येऊन बसल्या. हॉवलेट यांनी त्या निरखून पाहिल्या तर सगळ्याच्या सगळ्या नर!

१९१२ साली त्यांनी ही हकिगत शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केली आणि पुढे १९१५ मध्ये या ओढीमागचा खरा पदार्थ दाखवून दिला: मिथाइल युजेनॉल. हाच पदार्थ आपल्या अंगणातल्या तुळशीतही असतो. तुळशीची पाने चुरगळून ठेवली की त्यांच्यावर माश्या येतात, ते त्यामुळेच. नर हा पदार्थ आवडीने चाटतो आणि त्यापासून मादीला भुलवणारा गंध आपल्या शरीरात तयार करतो. म्हणून या वासासाठी तो जिवावर उदार होतो.

आज बाजारात मिळणारे बहुतेक ‘फळमाशी सापळे’ याच तत्त्वावर चालतात. प्लॅस्टिकची बरणी, तिला माशी आत शिरेल एवढी छिद्रे आणि आत मिथाइल युजेनॉल व थोडे कीटकनाशक शोषलेला लाकडाचा किंवा कापसाचा तुकडा. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने असाच ‘रक्षक’ सापळा तयार केला आणि तो कोकणातल्या बागांत पोचला. वेलवर्गीय भाज्यांसाठी मात्र मिथाइल युजेनॉल चालत नाही, तिथे ‘क्यू-ल्यूर’ हे वेगळे आमिष लागते. दुकानात सापळा मागताना पिकाचे नाव सांगायला विसरू नये.

‘सापळा लावला, तरी आंबा किडलाच!’

ही तक्रार गावोगाव ऐकू येते. बरणी माश्यांनी गच्च भरलेली असते, बागायतदार कौतुकाने ती दाखवतो आणि दोन आठवड्यांनी तोच डोक्याला हात लावतो. असे का होते?

एक तर सापळ्यात फक्त नर मरतात. फळाला टोचणारी मादी तिकडे फिरकतही नाही. मादीला जोडीदारच मिळू नये इतके नर मारले तरच उपयोग. दहांतले आठ मारले तरी उरलेले दोन पुष्कळ माद्यांना पुरे पडतात. दुसरे म्हणजे सापळा लावायला उशीर होतो. आंबे पिवळे दिसू लागल्यावर बरणी टांगली तर तोवर माद्यांचे मीलन उरकलेले असते. फळे अंड्याएवढी झाली की, म्हणजे तोडणीच्या दीड-दोन महिने आधीच सापळे लागले पाहिजेत. तिसरे कारण सर्वांत मोठे. अंडी घालायला तयार झालेली मादी शेजारच्या बागेतून उडत येते.

प्रशांत महासागरातल्या रोटा या छोट्या बेटावर १९६० च्या दशकात अमेरिकन शास्त्रज्ञांनी मिथाइल युजेनॉल व विष शोषलेले तुकडे विमानातून टाकले आणि बेटावरची ही माशी समूळ नाहीशी केली. जपाननेही आपल्या दक्षिणेकडच्या बेटांवरून ती अशाच पद्धतीने हटवली. शिवाय वेलवर्गीय पिकांवरच्या माशीचे प्रयोगशाळेत वाढवलेले वांझ नर वर्षानुवर्षे सोडून १९९३ पर्यंत तिचाही नायनाट केला. पण ती बेटे होती. चारी बाजूंना समुद्र, बाहेरून नवी माशी यायला वाट नाही. देवगडच्या किंवा मलिहाबादच्या एका बागेला असा समुद्र कुठून आणायचा?

म्हणून आपल्याकडे सापळा हे अर्धेच काम. उरलेले अर्धे हातांनी करावे लागते.

हंगामातली पाच कामे

पहिले काम, वेचणी. गळलेले, किडलेले प्रत्येक फळ रोज, निदान एक दिवसाआड उचलायचे. झाडाखाली पडलेला एक किडका आंबा म्हणजे डझनावारी माश्यांचा पाळणा. दोन दिवस हलगर्जी केली की अळ्या मातीत उतरतात आणि मग फळ उचलून उपयोग नसतो. वेचलेली फळे बांधावर, ओढ्यात किंवा शेणखताच्या ढिगावर टाकणे म्हणजे माशीला दुसऱ्या घरात नेऊन सोडणे. ती दोन फूट खोल खड्ड्यात पुरून वरून माती घट्ट दाबावी. खड्डा खणायला सवड नसेल तर जाड, काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून तोंड करकचून बांधावे आणि पिशवी काही दिवस कडक उन्हात ठेवावी. आतल्या उष्णतेने अळ्या मरतात.

बहुतेक घरांत ही वेचणी बायका आणि मुले करतात. फवारणीचा खर्च वहीत लिहिला जातो, वेचणीची मेहनत लिहिली जात नाही. त्यामुळे ती ‘जमलं तर’ करायची गोष्ट ठरते. वास्तविक सगळ्या उपायांत पैशाने स्वस्त आणि परिणामाने भक्कम हाच. घरच्या कारभाऱ्याने सकाळचा एक तास या कामाला स्वतः दिला, किंवा बाहेरून माणूस लावला तर त्याची मजुरी हिशेबात धरली, तरच ते हंगामभर टिकते.

दुसरे काम, माती हलवणे. झाडाच्या घेराखालची माती अधूनमधून वरचेवर चाळवावी. कोष वरच्या दोन-तीन इंचांतच असतात. ते उघडे पडले की उन्हाने सुकतात, मुंग्या आणि पक्षी त्यांचा फडशा पाडतात. मुळे दुखावतील इतके खोल खणण्याचे कारण नाही.

तिसरे काम, नरांसाठी सापळे. दापोलीची शिफारस हेक्टरी चार ‘रक्षक’ सापळ्यांची आहे. पीक आणि प्रादुर्भाव पाहून काही संस्था याहून जास्त सांगतात. सापळा झाडाच्या खालच्या फांदीला, सावलीत, हाताशी येईल असा टांगावा. पावसाचे पाणी आत जाऊ देऊ नये. मेलेल्या माश्या आठवड्याला काढून टाकाव्यात आणि आमिषाचा वास उतरला की, साधारण दीड-दोन महिन्यांनी, ते बदलावे. आमिष हाताळताना हातमोजे घालावेत. ते अंगाला लागू देऊ नये आणि मुलांच्या हाती पडू देऊ नये. सापळ्याचा आणखी एक उपयोग आहे. दर आठवड्याला किती माश्या सापडल्या ते वहीत लिहून ठेवले तर जोर केव्हा वाढतोय ते आधीच कळते आणि उगाच फवारणी करण्याची वेळ येत नाही.

चौथे काम, मादीसाठी आमिष. अंडी तयार करण्यासाठी मादीला प्रथिने लागतात, हे वर आलेच आहे. प्रथिनांचा अर्क, किंवा तो न मिळाल्यास गुळाचे पाणी, यात मान्यताप्राप्त कीटकनाशकाची थोडी मात्रा मिसळतात आणि ते मिश्रण खोडावर व खालच्या पानांवर ठिकठिकाणी शिंतडतात. फळांवर उडवायचे नाही. मादी खायला येते आणि मरते. सबंध झाडावर फवारण्यापेक्षा यात औषध कितीतरी कमी लागते आणि फळावर विषाचा अंश राहत नाही. पाऊस पडून गेला की हे शिंतोडे पुन्हा द्यावे लागतात. आंब्यावर कोणते कीटकनाशक चालते, ही यादी सरकार वेळोवेळी बदलत असते. म्हणून जुन्या डब्यावर विसंबू नये. दरवर्षी कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी सहायकाला विचारूनच औषध आणावे.

पाचवे काम, फळ माशीच्या हाती लागण्याआधी सांभाळणे. कोकणात आंबा ‘चौदा आणे’ तयार झाला की उतरवण्याची पद्धत आहे. ती रंगासाठी आणि टिकण्यासाठी चांगली आहेच, पण माशीच्या दृष्टीनेही शहाणपणाची आहे, कारण झाडावर पिकत जाणारे फळ तिला सर्वांत जास्त आवडते. सुमारे अंड्याएवढ्या झालेल्या आंब्याला कागदी पिशवी घातली तर मादीला सालच सापडत नाही. शिवाय फळ डागाळत नाही, रंगही छान येतो. उंच झाडांवर हे काम मजुरीचे होते खरे, पण बुटक्या, छाटणी केलेल्या कलमांना आणि पेरूच्या बागेला ते परवडते. पेरूच्या बाबतीत आणखी एक उपाय आहे. पावसाळ्यात तयार होणाऱ्या पेरूवर माशी तुटून पडते, हिवाळ्यातला पेरू बहुतांशी सुटतो. म्हणून जाणते बागायतदार पावसाळी फळाचा मोह सोडून मृग बहार धरतात.

फवारणीचा मोह

माशी दिसली की पंप पाठीवर घ्यायचा, ही सवय लवकर सुटत नाही. पण अंडी आणि अळ्या सालीच्या आत असतात, तिथे फवारा पोचत नाही. कोष मातीत असतात. उडणारी माशी फवारणीच्या वेळी शेजारच्या झाडावर जाऊन बसते. औषधाने मरतात त्या मधमाश्या, कोळी आणि फळमाशीच्या अंड्यांत आपले अंडे घालणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या, म्हणजे आपलेच राखणदार. आंब्याची पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या तोडणीच्या वेळी नकोशा वाटतात, पण त्यांचा वावर असलेल्या फांद्यांवर अंडी घालायला माशी कचरते, असे आफ्रिकेतल्या आंबाबागांत दिसून आले आहे.

हवाई बेटांवर तर यापुढची युक्ती केली गेली. किडकी फळे तंबूसारख्या बंद जाळीत टाकायची. जाळीची भोके अशी की फळमाशी आत अडकावी आणि तिच्यावर जगणारी बारीक गांधीलमाशी मात्र बाहेर पडून पुन्हा बागेत जावी. आपल्याकडे जाळीचे कापड स्वस्त आहे. बचत गटाने किंवा शाळेच्या शेतीविभागाने करून पाहावा, असा हा प्रयोग आहे.

तोडणी तोंडावर आली असताना केलेली फवारणी तर सरळ आपल्या ताटात उतरते. औषध मारल्यावर किती दिवस फळ काढायचे नाही हे डब्यावर लिहिलेले असते, पण बाजारभाव चढलेला असताना तेवढे दिवस थांबवत नाही. म्हणजे माशीचे दुखणे टाळायला गेलो आणि विषाचे घरात आणले, अशी गत होते.

२०१४ चा धडा

एका माशीची किंमत सबंध देशाला कशी मोजावी लागते हे २०१४ साली दिसले. भारतातून आलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ खेपांत २०१३ मध्ये फळमाशी व इतर किडी सापडल्या, असे सांगून युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्याला दार बंद केले. त्याबरोबर वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांनाही. ऐन हंगामात लंडन-लेस्टरच्या दुकानांतून हापूस नाहीसा झाला आणि तिकडे जाणाऱ्या पेट्या देशी बाजारात उतरल्या.

त्यानंतर निर्यातीच्या आंब्यासाठी तपासणी कडक झाली. ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० मिनिटे फळे ठेवून आतली अंडी व अळ्या मारण्याची उष्णजल प्रक्रिया ठरवण्यात आली. जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरची बंदी उठवण्याचा निर्णय झाला. अमेरिकेची गोष्ट त्याआधीची. अठरा वर्षांच्या बंदीनंतर २००७ च्या एप्रिलमध्ये भारतीय आंबा तिथे पोचला, तो नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या विकिरण केंद्रातून किडींचा बंदोबस्त करून घेतल्यावरच. जपाननेही २००६ मध्ये दार उघडले ते उष्ण बाष्पाच्या प्रक्रियेची अट घालून.

या सोयी आवश्यक आहेत. पण गरम पाणी आतली अळी मारते, किडलेला आंबा चांगला करत नाही. शिवाय अशा केंद्रापर्यंत माल पोचवणे एक-दोन एकरवाल्याच्या आवाक्यातले नसते. त्याचा आंबा जवळच्या बाजारात किंवा ओळखीच्या गिऱ्हाइकाकडे जातो, आणि तिथे त्याची पत एका किडक्या फळाने जाते. त्यामुळे खरी लढाई बागेतच जिंकावी लागते.

गडग्यापलीकडचे रायवळ

समजा, एका माणसाने ही पाचही कामे मन लावून केली. रोज वेचणी, सापळे, आमिष, सगळे. पण त्याच्या गडग्याला लागून शेजाऱ्याची चार जुनी रायवळ झाडे आहेत. ते आंबे कोणी उतरवत नाही, भाव नाही म्हणून खाली पडून सडतात. शेजारी मुंबईला असतो, वर्षातून गणपतीला येतो. त्या चार झाडांखाली वाढलेली माशी गडगा ओलांडून या माणसाच्या हापूसवर येते. त्याने काय करायचे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी भारतीय आणि ब्रिटिश शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन आपल्या देशातल्या निरनिराळ्या भागांत प्रयोग केले. एकाच शेतकऱ्याने आपल्या बागेत आमिष व सापळे वापरणे आणि सबंध गावाने मिळून ते एकाच वेळी वापरणे, यांची त्यांनी तुलना केली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालातून निष्कर्ष निघाला तो असा, की गावपातळीवर एकत्र केलेल्या बंदोबस्ताने नुकसान अधिक कमी होते. ऐकायला हे नवे वाटत नाही, पण याचा अर्थ मोठा आहे. ज्या शेतकऱ्याकडे जमीन कमी, त्याला शेजाऱ्याची गरज जास्त. शंभर एकरवाल्याच्या बागेच्या मध्यावर माशी पोचायला वेळ लागतो. एक एकराच्या बागेत मध्य असतोच कुठे? सगळी बाग म्हणजे कडाच!

म्हणून गावाने मिळून काही गोष्टी ठरवाव्यात. सापळे एकाच आठवड्यात लावायचे. आमिष घाऊक आणायचे, म्हणजे स्वस्तही पडते. रायवळ झाडांखालची वेचणी कोणी करायची ते आधीच ठरवायचे. मुंबईकर मालकाला फोन करून म्हणायचे, ‘‘काका, तुमच्या झाडांचे आंबे आम्ही उतरवतो, खालचे वेचतो. तुमची हरकत नाही ना?’’ बहुतेक काका आनंदाने हो म्हणतात. चांगल्या रायवळांचे लोणचे, साठे किंवा आंबापोळी करून बचत गटातल्या बायकांना चार पैसे मिळतात आणि माशीचा पाळणा रिकामा होतो. किडक्या फळांसाठी गावाचा एक खोल खड्डा असावा. खर्च फारसा नाही. हवा तो एकमेकांवरचा विश्वास आणि हंगामभराचा नेम.

अडचणही इथेच आहे. जमिनीच्या, वाटेच्या, पाण्याच्या वादांमुळे शेजारी एकमेकांशी बोलत नाहीत, अशी गावे कमी नाहीत. पण कोर्टात चाललेला वाद माशीला माहीत नसतो. वाद आपल्या जागी राहू द्यावा आणि वेचणी एकत्र करावी, एवढे शहाणपण दाखवणाऱ्यांच्या पेट्या बाद होत नाहीत.

परसातल्या एका झाडासाठी

इंदूर, बडोदा, बेंगळुरू, नागपूर, कुठेही राहा, अंगणात एक पेरू किंवा एक आंबा असेल तर फळमाशी येणारच. एका झाडासाठी महागडी खटपट नको. पुढील गोष्टी पुरेशा आहेत.

० फळ लिंबाएवढे ते अंड्याएवढे झाले की त्याला कागदी किंवा पातळ कापडाची पिशवी बांधावी. पिशवीचे तोंड देठाजवळ नीट आवळावे, नाहीतर माशी वाट काढते.

० पडलेले फळ दुसऱ्या दिवसापर्यंत जमिनीवर राहू देऊ नये. ते खताच्या कुंडीत टाकू नये. उकळते पाणी ओतून मग टाकावे किंवा बंद पिशवीत उन्हात ठेवावे.

० सापळा लावायचा तर शेजारच्या चार-पाच घरांनी मिळून लावावा. एकट्या घराने लावलेला सापळा फक्त शेजारचे नर गोळा करतो.

० तुळशीची चुरगळलेली पाने बाटलीत ठेवून काही नर पकडता येतात, पण त्यांचा वास लवकर उतरतो. गंमत म्हणून मुलांना दाखवायला ठीक, भरवशाचा उपाय म्हणून नाही.

० घरच्या झाडावर, तेही फळे धरलेली असताना, डास-झुरळांचे औषध मुळीच मारू नये.

० आणलेल्या फळात अळी निघाली तर घाबरू नये. ही माशी माणसाला चावत नाही. किडलेला, आंबूस वासाचा भाग मात्र खाऊ नये. ते फळ टाकूनच द्यावे आणि टाकताना वरची काळजी घ्यावी.

गिऱ्हाईक म्हणूनही आपल्या हाती थोडे आहे. डाग नसलेले, आरशासारखे चकचकीत फळच हवे, असा हट्ट धरला की बागायतदाराला फवारणीवाचून गत्यंतर राहत नाही. पिशवी घालून, वेचणी करून, कमी औषधात फळ पिकवणाऱ्याला त्याच्या मेहनतीचे दोन रुपये जास्त द्यायला हरकत नसावी. ‘‘औषध कधी मारलं होतं?’’ एवढा एक प्रश्न फळ घेताना विचारायला आपण शिकलो तरी तो प्रश्न बाजारातून फिरत फिरत बागेपर्यंत पोचतो.

फळमाशी आपल्या देशातून कायमची जाईल, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. आंबा आणि ती, दोघे इथलेच, जुने सोबती. पण शंभरांतले किती आंबे तिने खायचे आणि किती आपण, हे ठरवणे माणसाच्या हातात आहे. त्यासाठी लागणारी सामग्री साधी आहे: एक टोपली, एक खड्डा, चार बरण्या, थोडा गूळ आणि गडग्यापलीकडे मारलेली एक हाक. पहिल्या चार गोष्टी बाजारात किंवा घरात मिळतात. पाचवी आपल्यालाच द्यावी लागते, आणि हंगाम सुरू होण्याआधी द्यावी लागते.